दीर्घ प्रवासाचे वाहन : निवडीपूर्वीचा विचार

वर्धा शहराभोवती ‘मेघे’ हे उपपद धारण करणारी गावे आहेत. सावंगी, बोरगाव, सिंदी आणि आर्वी मार्गावरील पिपरी ही त्यांतील काही परिचित नावे. पिपरी (मेघे) कागदोपत्री ग्रामपंचायत असली तरी तिची वस्ती शहराशी एकजीव झालेली आहे. अशा गावांत सेवानिवृत्त शिक्षक, कार्यालयीन कर्मचारी आणि त्यांची कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. सेवाकाळात राहून गेलेला देशाटनाचा बेत निवृत्तीनंतर पुन्हा वर येतो. चारसहा स्नेही एकत्र जमतात आणि एखादे वाहन घेऊन त्यातच राहण्याजेवण्याची सोय करावी, म्हणजे कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत आपल्या गतीने जाता येईल, असा विचार मांडला जातो. शाळांच्या अभ्यास सहली आणि ग्रामपंचायत सदस्यांचे पाहणी दौरे यांच्या निमित्तानेही हाच प्रश्न पुढे येतो.

वर्ध्याचे भौगोलिक स्थान या बेताला अनुकूल आहे. श्रीनगर ते कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ याच जिल्ह्यातील जाम आणि हिंगणघाट येथून जातो. तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ या मार्गाने येणारा क्रमांक ३६१ वर्ध्याहून बुटीबोरीकडे जातो. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही जिल्ह्याच्या भूमीवरून गेलेला आहे. त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि अखेरचा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. रस्त्यांची अडचण फारशी उरलेली नाही. अडचण येते ती वाहनाच्या निवडीत. पुष्कळदा वाहन आधी खरेदी केले जाते, त्यावर बॉडी बांधली जाते, आणि मग ते परिवहन कार्यालयात नोंदविता येत नाही किंवा भार सहन करीत नाही असे आढळते. तोपर्यंत निवृत्तिवेतनाच्या संचितातील मोठी रक्कम त्यात गुंतलेली असते. म्हणून या लेखात वाहनातील सजावटीपेक्षा तिच्या खालच्या मूळ वाहनाचा, म्हणजेच सांगाडा, इंजिन, आस आणि चाके यांचा विचार करावयाचा आहे.

प्रवासी कोण, मार्ग कोणता

याच जिल्ह्यातील हिंगणघाट येथे १९१४ साली जन्मलेले बाबा आमटे यांनी डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ यात्रेस प्रारंभ केला. त्यांच्यासोबतचे तरुण सायकलींवर होते. पाठीच्या कण्याच्या विकारामुळे बाबांना बसता येत नसे. एकतर उभे राहावे किंवा आडवे व्हावे, एवढेच त्यांना शक्य होते. म्हणून त्यांच्यासाठी पडून प्रवास करता येईल असे वाहन सिद्ध करण्यात आले. येथे प्रवाशाची गरज आधी निश्चित झाली आणि वाहन तिला अनुसरून घडले. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. (पवनारहून १९५१ साली निघून पुढील तेरा वर्षे देश पायी पालथा घालणाऱ्या विनोबांना हा प्रश्नच पडला नाही, ही गोष्ट वेगळी.)

वाहन पाहावयास जाण्यापूर्वी काही गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात. माणसे किती आणि त्यांची वये काय? पायरी चढण्याचा त्रास कोणाला आहे? मुक्काम वाहनात करावयाचा की धर्मशाळेत? मार्ग केवळ महामार्गांचा आहे, की लडाख, स्पिती, अरुणाचल अशा प्रदेशांचाही? प्रवास वर्षातून किती दिवसांचा? वर्षाकाठी पंधराच दिवस फिरणे होणार असेल तर स्वतःचे वाहन घेण्याऐवजी भाड्याची गाडी आणि वाटेतील निवासस्थाने हाच मार्ग स्वस्त पडतो. उत्साहाच्या भरात हा हिशेब करण्याचे राहून जाते.

सांगाड्यावरची बॉडी आणि एकसंध वाहन

रस्त्यावर दिसणारी वाहने रचनेच्या दृष्टीने दोन प्रकारची असतात. पहिल्या प्रकारात दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे यांचा शिडीसारखा सांगाडा असतो. इंजिन, आस, स्प्रिंगचे पाटे हे सर्व या शिडीला जोडलेले असते आणि वरची बॉडी स्वतंत्रपणे बसविली जाते. ट्रक, पिकअप, टाटा ४०७ ही वाहने या प्रकारची. राज्य परिवहन महामंडळाचे उदाहरण वाचकांच्या नित्य परिचयाचे आहे. पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर १ जून १९४८ रोजी पहिली एस.टी. धावली. त्यानंतर महामंडळाने वाहन उत्पादकांकडून केवळ चॅसिस घ्यावी आणि दापोडी, चिकलठाणा व नागपूरजवळील हिंगणा येथील आपल्या कार्यशाळांत तिच्यावर बॉडी बांधावी, ही पद्धती दीर्घकाळ चालविली. मूळ वाहन एकाचे आणि बॉडी दुसऱ्याची, या व्यवस्थेचा महाराष्ट्राइतका अनुभव फार थोड्या राज्यांना असेल.

दुसऱ्या प्रकारात सांगाडा आणि बॉडी वेगळी नसते. भिंती, छप्पर आणि तळ मिळून भार वाहतात. बहुतेक मोटारी आणि काही आधुनिक व्हॅन या प्रकारच्या असतात. २००७ साली आलेली टाटा विंगर आणि फोर्स कंपनीची अलीकडील अर्बानिया ही त्यांची उदाहरणे. अशी वाहने वजनाला हलकी, चालविण्यास सुलभ आणि आतून शांत असतात. पायरी ठेंगणी असल्याने वृद्धांची चढउतार सोपी होते. मात्र यांच्या भिंतीला मोठी खिडकी पाडणे किंवा छप्पर कापून उंच करणे म्हणजे भार वाहणारा अवयवच कापणे होय. घराची भार पेलणारी भिंत फोडताना जसा अभियंत्याचा सल्ला घेतला जातो, तितकीच दक्षता येथे आवश्यक आहे.

शिडीसारख्या सांगाड्याचे गुण जसे आहेत तशी एक अडचणही आहे, आणि बॉडी बांधणारे सामान्य कारागीर तिच्याकडे दुर्लक्ष करतात. असा सांगाडा पिळला जावा अशीच त्याची रचना असते. एक चाक खड्ड्यात आणि विरुद्ध कोपऱ्याचे चाक उंचवट्यावर आले की सांगाडा किंचित मुरगळतो आणि चारही चाके जमिनीला धरून राहतात. त्यावर राहण्याची खोली घट्ट बोल्ट करून बसविली तर ती खोली मुरगळू शकत नाही. मग कोपऱ्यांचे सांधे उकलतात, खिडक्यांच्या काचा तडकतात, दार लागेनासे होते, आणि काही वेळा सांगाड्यालाच तडा जातो. यावर उपाय म्हणून खोलीखाली स्वतंत्र उपसांगाडा देऊन तो तीन ठिकाणी, किंवा काही जागी स्प्रिंगयुक्त बोल्ट वापरून बसविण्याची पद्धत जगभर रूढ आहे. परदेशांत वाळवंटी मार्गांवर जाणाऱ्या ट्रकांवर अशीच रचना असते. ज्यांना केवळ महामार्गांवरून जावयाचे आहे त्यांना इतके करण्याची आवश्यकता नाही. रबरी बैठका आणि चांगले यू-बोल्ट पुरतात. तथापि सांगाड्याच्या तुळईच्या वरच्या वा खालच्या पट्टीला भोक पाडणे किंवा वेल्डिंग करणे हे कोणत्याही परिस्थितीत टाळले पाहिजे. त्या पट्टीवरच सर्वाधिक ताण येतो, आणि उत्पादकांच्या बॉडीबांधणी पुस्तिकांत याविषयी स्पष्ट मनाई केलेली असते. ती पुस्तिका मागून घ्यावी. कारागिराला ती ठाऊक नसेल तर कारागीर बदलावा.

वजनाचा हिशेब

निवडीतील सर्वांत निर्णायक गोष्ट वजन ही आहे. प्रत्येक वाहनासाठी उत्पादकाने एकूण अनुज्ञेय वजन ठरवून दिलेले असते आणि ते नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेले असते. रिकाम्या वाहनाचे वजन त्यातून वजा केले म्हणजे वाहता येणारा भार निघतो. हा भार पुष्कळ वाटतो, पण लवकर संपतो.

सहा माणसांसाठी पाच टन, म्हणजे ५,००० किलो एकूण वजनाची चॅसिस घेतली असे समजू. केबिनसह चॅसिसचे वजन २,२०० किलो आणि तळ, भिंती, उष्णतारोधक थर, खिडक्या, बिछान्यांचे सांगाडे मिळून खोलीचे वजन १,२०० किलो धरू. येथेच ३,४०० झाले. सहा प्रवाशांचे सरासरी ७० किलोप्रमाणे ४२०. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो. २०० लिटरची टाकी म्हणजे २०० किलो. डिझेल पाण्याहून हलके असल्यामुळे ८० लिटरचे सुमारे ६७ किलो भरते. कपडे आणि अंथरुण माणशी २५ किलोप्रमाणे १५०. शेगडी, सिलिंडर, भांडी आणि शिधा १२०. बॅटऱ्या व सौर पट्ट्या ८०. स्टेपनी, जॅक, अवजारे ९०. टपावरची ताडपत्री आणि किरकोळ सामान ५०. बेरीज ४,५७७ किलो. शिल्लक राहिले ४२३. परतीच्या प्रवासात खरेदी होतेच, आणि एखादा सोबतीही वाढतो. हा बेत याच वाहनावर बसला, परंतु साडेतीन टनांच्या वाहनावर तो बसला नसता. तेथे दोघांचीच, फार तर तिघांची सोय होते.

हिशेब कागदावर न ठेवता काट्यावर पडताळून पाहावा. वर्धा जिल्हा कापसाचा. बाजार समित्या आणि जिनिंगच्या आवारांत धर्मकाट्यांची वाण नाही. वाहन पूर्ण भरून, पाणी आणि माणसांसह तोलावे. त्यानंतर पुढची चाके आणि मागची चाके वेगवेगळी तोलावीत. एकूण वजन मर्यादेत असूनही मागच्या आसावर अतिरिक्त भार आलेला असणे ही नेहमीची गोष्ट आहे, कारण पाण्याची टाकी, बॅटऱ्या आणि शिध्याची कोठी ही तिन्ही मागच्या बाजूस ठेवण्याकडे कल असतो. मागे भार वाढला की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल वाटू लागते. जड वस्तू दोन्ही आसांच्या मधोमध आणि शक्य तितक्या खाली असाव्यात.

जादा भाराचा पहिला परिणाम टायरांवर आणि दुसरा ब्रेकवर होतो. मे महिन्यात वर्ध्याचे तापमान ४५ अंशांच्या वर जाते. तापलेल्या काँक्रीटवर सलग वेगाने धावणाऱ्या आणि कमी हवा असलेल्या टायरच्या कडा सतत दुमडत राहतात. त्यातून उष्णता वाढते आणि टायर फुटतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी आणि ती प्रत्यक्ष भाराला अनुरूप ठेवावी. घाटातून उतरताना जड वाहन केवळ ब्रेकवर रोखले तर ब्रेक तापून निकामी होतात. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा एस.टी. चालकांचा जुना नियम सहा चाकी घरालाही लागू पडतो.

चार चाकांचे चालन कितपत आवश्यक?

या विषयावरील उत्साही मंडळींच्या चर्चेत ‘फोर-व्हील ड्राइव्ह’चा आग्रह फार असतो. माझ्या मते दहांतील नऊ प्रवाशांना त्याची गरज नाही. त्यामुळे वाहनाची किंमत, वजन, इंधनाचा खर्च आणि दुरुस्तीच्या जागा या सर्वांत वाढ होते. देशातील तीर्थक्षेत्रे, किल्ले, धरणे, अभयारण्ये यांपर्यंत बहुतेक ठिकाणी एस.टी. किंवा त्या त्या राज्याची बस जाते, आणि बस मागच्याच चाकांवर चालते. बस जेथे जाते तेथे आपले वाहनही जाईल, ही साधी कसोटी लावता येते.

विदर्भातील काळ्या जमिनीचा अनुभव येथे उपयोगी पडतो. पावसाळ्यात पांदण रस्त्यावरील चिकण माती टायरच्या खाचांत भरून बसते आणि टायर गुळगुळीत होतो. अशा वेळी दोन चाके फिरोत की चार, वाहन जागच्या जागी घसरते. पाऊस थांबून वाफसा येण्याची वाट पाहणे हा शेतकऱ्याचा उपाय अद्यापि सर्वांत खात्रीचा आहे. मागे दुहेरी चाके असलेल्या वाहनात त्या दोहोंच्या फटीत चिखल आणि दगड अडकतात, हेही लक्षात ठेवावे. दर मुक्कामी ती फट पाहिली पाहिजे. दुहेरी चाकांमुळे भार मात्र अधिक वाहिला जातो आणि एक टायर बसला तरी वाहन कलंडत नाही.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या व्हॅनचा विचार वेगळा करावा लागतो. टाटा विंगर या प्रकारची आहे. मागे भार वाढला आणि ओला चढ आला की पुढची चाके हलकी होऊन फिरू लागतात. सपाट महामार्गावर हा दोष जाणवत नाही. ज्यांना लडाख किंवा अरुणाचलमधील कच्च्या मार्गांवर वारंवार जावयाचे आहे, नदीपात्रे ओलांडावयाची आहेत, त्यांच्यासाठी चारही चाकांच्या चालनाची सोय असलेला पिकअप किंवा फोर्स गुरखासारखे वाहन योग्य ठरेल. परंतु त्यात दोघांपलीकडे घर बसत नाही.

इंजिन, इंधन आणि गावोगावचा मिस्त्री

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज-६ मानकांची वाहने विकली जातात. या डिझेल वाहनांच्या धूरनलिकेत काजळी अडविणारी गाळणी असते, आणि अनेक वाहनांना युरियाचे द्रावण स्वतंत्र टाकीत भरावे लागते. यांना अत्यल्प गंधकाचे डिझेल लागते. ते आपल्याकडे सर्वत्र मिळते. देशाबाहेर, जेथे डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण अधिक आहे, तेथे हीच व्यवस्था निकामी होऊ शकते. युरियाचे द्रावण उणे ११ अंशांना गोठते. थंडीत डिझेलमधील मेणही साकळते. म्हणूनच इंडियन ऑइलने २०१९ साली लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल उपलब्ध केले. खारदुंग ला या ५,३५९ मीटर उंचीच्या खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. टर्बो बसविलेली इंजिने ही तूट बरीचशी भरून काढतात, पण भारलेले वाहन तेथे मंदच चालते.

इंजिनाच्या शक्तीपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न असा की वाहन बंद पडल्यास ते दुरुस्त कोण करील? या बाबतीत जे वाहन देशात सर्वाधिक संख्येने मालवाहतूक करते ते सर्वोत्तम. १९८६ पासून रस्त्यावर असलेल्या टाटा ४०७ चे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. बजाज टेम्पो या कंपनीने, म्हणजेच २००५ नंतरच्या फोर्स मोटर्सने, १९८७ साली आणलेली ट्रॅव्हलर ही मूळ जर्मन आराखड्यावरची. मॅक्सीकॅब, शाळेची बस, रुग्णवाहिका अशा अनेक रूपांत ती गावोगावी फिरते, त्यामुळे तिचे मिस्त्री सर्वत्र आहेत. परदेशी बनावटीची देखणी वाहने या कसोटीवर मागे पडतात. एका काचेसाठी पंधरा दिवस दिब्रुगडला थांबावे लागले तर प्रवासाचा आनंद कोठून राहणार? १९५५-५६ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून सिंगापूर गाठले, तेव्हा त्या वाहनांचे यंत्र इतके साधे होते की बहुतेक दुरुस्ती वाटेत करता येई. आजच्या संगणकनियंत्रित इंजिनात ती मुभा उरलेली नाही. म्हणून सेवाकेंद्रांचे जाळे पाहूनच वाहन ठरवावे.

उष्मा आणि वीज

विदर्भातील मनुष्य वाहनात झोपावयाचे म्हटले की प्रथम गारव्याचा विचार करतो. वातानुकूलन यंत्राला एक किलोवॅट वीज लागते असे धरले तर आठ तासांना आठ युनिटे लागतील. बारा व्होल्ट आणि शंभर अँपिअर-तासांची एक बॅटरी पूर्ण उतरवली तरी सव्वा युनिटाच्या आतच देते. म्हणजे एका रात्रीसाठी सात बॅटऱ्या. त्यांचे वजन आणि किंमत पाहता हा बेत बहुतेकांना सोडावा लागतो. पाण्याचा कूलर कोरड्या वैशाखात उत्तम, पण तो टाकीतले पाणी पितो, आणि कोकणात किंवा पावसाळ्यात त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. छपराला पांढरा रंग, छप्पर आणि भिंतींत उष्णतारोधक थर, समोरासमोर खिडक्या, त्यांना मच्छरजाळी आणि मुक्कामाला कडुनिंबाची सावली, एवढ्यावर भागवावे. मे महिन्यात उत्तरेकडे डोंगरात आणि डिसेंबरात दक्षिणेकडे, असा प्रवासाचा क्रम ठेवला तर अर्धा प्रश्न सुटतो. वाहनाची उंचीही याच वेळी ठरवावी. उभे राहता यावे म्हणून छप्पर उंच करण्याचा मोह होतो; परंतु रेल्वेखालचे मार्ग, उंचीरोधक कमानी, रस्त्यावर झुकलेल्या फांद्या आणि आडवा वारा यांचा विचार करता तीन मीटरच्या आत राहणे श्रेयस्कर.

दुसरा दरवाजा

१ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्यास निघालेली एक खासगी शयनयान बस उलटून पेटली आणि पंचवीस प्रवासी मृत्युमुखी पडले. मृतांत वर्धा जिल्ह्यातील प्रवासीही होते. बस ज्या अंगावर कलंडली त्याच अंगाला तिचा दरवाजा होता. प्रवासासाठी घर बांधणाऱ्याने ही घटना डोळ्यांपुढे ठेवावी. निजण्याच्या जागेतून मुख्य दरवाजाखेरीज बाहेर पडण्याची दुसरी वाट, आणि तीही विरुद्ध अंगाला किंवा मागे असलीच पाहिजे. ती सामानाने अडवू नये. काच फोडण्याचा हातोडा आणि अग्निशामक बिछान्यातून हात पोचेल अशा जागी असावेत. चालत्या वाहनात कोणी बिछान्यावर निजू नये; जितकी माणसे तितकी पट्ट्यांसह आसने हवीत. गॅसचे सिलिंडर पक्के आवळलेले, आणि त्याच्या कपाटाच्या तळाशी बाहेर उघडणारे छिद्र असावे, कारण हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो.

कायद्याच्या चौकटीत

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ अन्वये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून भिन्न होतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कठोर अर्थ केला आहे. मालवाहू ट्रकवर परस्पर खोली बांधून प्रवासाला निघणे हे त्यामुळे बेकायदेशीर ठरते, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते. वैध मार्ग असा की चॅसिस घेतानाच मान्यताप्राप्त बॉडी बांधणाऱ्याकडून निवासी वाहन म्हणून ती बांधून घ्यावी. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. त्यानुसार नमुन्याची मान्यता पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन किंवा तत्सम अधिकृत चाचणी संस्थेकडून घेतली जाते. बॉडी बांधणाऱ्याकडे अशी मान्यता आहे किंवा कसे, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी विचारावे आणि कागद पाहावा. केंद्र शासनाच्या वर्गीकरणात खासगी वापराचे कॅम्पर वाहन परिवहनेतर वर्गात मोडते. भाड्याने दिले जाणारे परिवहन वर्गात. कर, परवाना आणि तपासणी त्यानुसार बदलते. राज्य शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारलेले आहे. महिला बचत गट अथवा संस्थांना हा व्यवसाय म्हणून करावयाचा असल्यास पर्यटन संचालनालयाकडे चौकशी करावी.

चालकाच्या अनुज्ञप्तीसंबंधी गैरसमज पुष्कळ आहेत. हलके मोटार वाहन चालविण्याचा परवाना असलेल्यास ७,५०० किलोपर्यंतचे परिवहन वाहनही चालविता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेला आहे. याहून जड चॅसिस घेतल्यास जड वाहनाचा परवाना लागेल. निवृत्तांच्या गटात तो सहसा कोणाकडेच नसतो.

जुन्या वाहनांबाबत ग्रामपंचायत सदस्यांनी एक गोष्ट विशेषत्वाने लक्षात घ्यावी. शासकीय कार्यालयाची किंवा पंचायतीची जुनी रुग्णवाहिका लिलावात स्वस्त मिळेल आणि तिचे प्रवासी वाहन करता येईल, असा विचार पूर्वी केला जात असे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या शासकीय वाहनांची नोंदणी पुढे चालू राहत नाही आणि ती अधिकृत मोडीत केंद्रातच द्यावी लागतात. खासगी मालकाची जुनी शाळाबस किंवा रुग्णवाहिका घेता येते, परंतु तिचा वर्ग बदलून घ्यावा लागतो. पिवळा रंग, दिवे आणि भोंगा काढावा लागतो, आणि कॅराव्हॅन म्हणून नोंद मिळेल की नाही हे परिवहन कार्यालयात लेखी विचारूनच व्यवहार करावा. दिल्ली परिसरात जुन्या डिझेल वाहनांवर निर्बंध लादले गेलेले आहेत. उत्तरेच्या यात्रेत दिल्ली टाळता येत नसेल तर निघण्यापूर्वी त्या वेळचा नियम पाहून घ्यावा. देशाबाहेर जावयाचे तर चालकाला आंतरराष्ट्रीय परवाना परिवहन कार्यालयातून मिळतो, तो एक वर्ष चालतो. वाहनासाठी अनेक देश कार्ने हे सीमाशुल्काचे हमीपत्र मागतात. नेपाळला ते लागत नाही. सीमेवर दिवसांप्रमाणे शुल्क भरून प्रवेश मिळतो.

चाचणी

बॉडी तयार झाल्यावर थेट कन्याकुमारीची वाट धरू नये. पिपरीहून अमरावतीमार्गे चिखलदरा हा पहिला फेरा पुरेसा बोलका आहे. त्यात महामार्ग आहे, मेळघाटची चढण आहे आणि माथ्यावर थंड रात्रही मिळते. सर्व प्रवासी, भरलेली पाण्याची टाकी आणि पूर्ण शिधा घेऊनच निघावे. घाट चढताना इंजिनाच्या उष्णतेचा काटा, उतरताना ब्रेकचा वास, वळणावर बॉडीचा झोक आणि रात्री बॅटरी किती वाजता उतरली, या नोंदी एका वहीत कराव्यात. वृद्ध सोबत्याला पायरी किती वेळा चढावी लागली, हेही लिहावे. परतल्यावर वाहन पुन्हा धर्मकाट्यावर न्यावे, आणि चाकांचे नट व बॉडीचे यू-बोल्ट एकदा आवळून घ्यावेत; पहिल्या पाचशे किलोमीटरांत ते हमखास सैल होतात.